खडसावणारा कुणी निवडायचा?

वैद्य निवडताना माणूस विचारतो, याच्या हाताला गुण आहे काय? वकील निवडताना विचारतो, हा खटले जिंकतो काय? परंतु ज्याचे कामच मुळी आपल्याला चार कटू शब्द सुनावण्याचे, त्याला निवडताना काय विचारायचे? आणि ते विचारायचे तरी कुणी? ज्याला ते शब्द ऐकून घ्यायचे आहेत, त्यानेच?

आपल्या देवळांत हा प्रश्न फारसा उठला नाही. गुरवाचा मुलगा गुरव होतो, आणि गाव त्याच्याकडून खडसावून घेण्याची अपेक्षाही करीत नाही. पंढरपुरात बडवे-उत्पातांचे वंशपरंपरेचे हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली संपविले, तेव्हा कुठे मंदिर समितीने पुजाऱ्यांसाठी अर्ज मागविले. खडसावण्याचे काम आपल्याकडे कीर्तनकाराचे. आणि तो दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी निघून जातो. हीही एक सोयच म्हणायची!

ख्रिस्ती लोकांचा पाळक मात्र वर्षानुवर्षे त्याच गावात राहतो आणि दर रविवारी बोलतो. त्यामुळे त्यांना हा प्रश्न टाळता आला नाही. इंग्लंडातील आंग्लिकन पंथात पाळक सुचविण्याचा हक्क गावच्या जमीनदाराकडे, एखाद्या कॉलेजकडे नाही तर बिशपकडे असे. हक्क कसला, मालमत्ताच ती! एकोणिसाव्या शतकात ती उघड लिलावात विकलीही जाई. हक्कदार आजही आहेत, पण १९८६ च्या कायद्याने त्यांचे हात बरेच बांधले आहेत. जागा रिकामी झाली की गावच्या चर्चची समिती आधी स्वतःविषयी एक निवेदन लिहिते: आमची स्थिती काय, गरजा काय, परंपरा काय. त्या बैठकीला हक्कदाराने यायचे नाही. जाणाऱ्या पाळकानेही नाही आणि त्याच्या पत्नीनेही नाही. मग समिती आपली दोन माणसे नेमते. हक्कदाराने सुचविलेल्या नावाला ती दोघे ‘नको’ म्हणू शकतात. मात्र कारण लेखी द्यावे लागते, आणि हक्कदार त्यावर आर्चबिशपकडे दाद मागू शकतो. सारे जुळले की नवा पाळक चर्चच्या दाराला हात लावून आत शिरतो आणि घंटा वाजवितो. जितके टोले तितकी वर्षे तो राहणार, असे म्हणून लोक ते मोजत बसतात.

स्कॉटलंडात असा समझोता वेळेवर झाला नाही. जमीनदाराने दिलेला पाळक मंडळीच्या माथी मारावा काय, या वादात १८ मे १८४३ रोजी एडिंबरो येथील सभेतून पाळक उठून बाहेर पडले. घर, पगार, चर्च सोडून गेलेल्यांची संख्या साडेचारशेवर गेली. त्यांच्याच ‘फ्री चर्च’ने पाठविलेला स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरास आला. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचे. १८६३ साली टाकळघाटाजवळ ओढ्याच्या पुरात तो वाहून गेला. वर्ध्याहून नागपूरला जाताना बुटीबोरी लागते ना, त्याच भागात. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच आंग्लिकन, प्रेस्बिटेरियन वगैरे सहा पंथ एक होऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झाले. बिशपने पाळक नेमण्याची रीत आणि मंडळीने पाळकाला बोलावण्याची रीत अशा एका मांडवाखाली आल्या. आज त्या चर्चमध्ये पाळकाची नेमणूक आणि बदली बिशपच्या हाती असते.

कुणी म्हणेल, लोकशाहीच्या काळात हा उलटा प्रवास झाला. मला तसे वाटत नाही. मी शाळामास्तर आहे. आवडत्या शिक्षकाची बदली थांबावी म्हणून शाळेला कुलूप ठोकणारी गावे आपल्याकडे आहेत, आणि त्यांच्या प्रेमाविषयी मला शंका नाही. पण तेच कुलूप नावडत्या मास्तरासाठीही निघते. आणि मास्तर नावडता होतो तो पुष्कळदा पाटलाच्या मुलाला नापास केल्यामुळे! ज्याची भाकरी ऐकणाऱ्यांच्या मर्जीवर, त्याची जीभ जड होते. उलट ज्याला गावाचे काहीच ऐकावे लागत नाही, त्याची जीभ सैल सुटते. म्हणून ‘हवा’ म्हणण्याचा हक्क दुसऱ्याचा आणि ‘नको’ म्हणण्याचा आपला, तोही कारण लिहून, ही वाटणी मला पुष्कळ शहाणपणाची वाटते. कारण लिहावे लागले की निम्मे ‘नको’ कागदावर उतरतच नाहीत.

आमच्या वर्धा जिल्ह्यात याहून वेगळी वाटही आहे. धाम नदीच्या काठी पवनारला विनोबांनी १९५९ साली ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले. तेथील भगिनींवर त्यांनी कुणी प्रमुख नेमलाच नाही. निर्णय होतात ते सर्वांच्या संमतीने. खडसावणारी बाहेरून आणायची नाही, एकमेकींनीच ते काम करायचे! आपल्यासारख्या संसारी माणसांना हे झेपेल असे मला वाटत नाही. घरात सुनेने सासूला खडसावले तर काय होते, ते मी या दिवाळीच्या दिवसांत कशाला सांगू?

त्यापेक्षा इंग्लंडातले ते निवेदन आपल्याला जमण्याजोगे आहे. पुजारी, मास्तर, डॉक्टर, कुणीही मागण्यापूर्वी गावाने आपल्याविषयी एक कागद लिहायचा: किती घरे, किती तट, दारूची दुकाने किती, कोणत्या वस्तीला कोणत्या विहिरीवर अजून संकोच वाटतो. आमच्या गावात पहिल्याच ओळीवर दोन दिवस भांडण चालेल. आणि मास्तर कसा हवा, या परिच्छेदाच्या वेळी मला बाहेर ओट्यावर जाऊन बसावे लागेल.