आनंदावर पहारा

“एवढं एक वाक्य घाल,” मी म्हणालो. “उत्साह वाढलेला दिसला की भावाने लगेच डॉक्टरांकडे न्यावं.”

ताईने पेन खाली ठेवलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार निर्णयक्षमता गेल्यास आपल्यावर उपचार कसे व्हावेत, हे आधीच लिहून ठेवता येतं. बायपोलर असलेल्या माझ्या बहिणीला ते आता, बरी असताना लिहायचं होतं.

“उत्साह? पहिल्या पावसात मी गच्चीवर भिजले, तो आजार होता?”

“मला धास्ती वाटली, हे खरं.”

“म्हणजे मी हसले की तुम्ही सगळे घड्याळ बघणार!”

“ताई, स्कॅनच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. बायपोलरमध्ये भावनेची चाहूल लागली की मेंदूतला अमिग्डला जास्त जोराने पेटतो आणि भावनेला आवर घालणारा कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स कमी पडतो.”

“ती अनेकांची सरासरी. एकट्या माझा स्कॅन बघून मला बायपोलर आहे की नाही, हेसुद्धा कुणी सांगू शकणार नाही. माझं हसू खरं की आजाराचं, हे त्यातून काय कळणार? आणि लेकीला बघून तुला येतं ते भरतं मेंदूबाहेरून येतं का?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तरी ती मागची वेळ डोळ्यांपुढून जाईना. रात्री तीन वाजता ओट्यावर सगळे डबे रिकामे, डाळी वर्तमानपत्रावर ओतलेल्या, आणि ताई प्रत्येक डब्यावर नव्याने नाव चिकटवत होती. त्याच आठवड्यात तिने एफडी मोडली.

“तेव्हा तू म्हणालीस, मला आत्ता कुठे सगळं स्पष्ट दिसतंय.”

“दिसतच होतं,” ती हळू म्हणाली. “तो आनंद खोटा नव्हता रे. त्याला थांबता येत नव्हतं.”

१९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादावर लिथियमचा उपयोग दाखवला. तेच लिथियम ताई घेते. त्याची रक्तातली पातळी प्रयोगशाळेत कळते. आनंद कुठवर आपला आणि कुठून आजाराचा, याची तपासणी कुठेच होत नाही.

“मग उत्साह नको, झोप लिही,” मी म्हणालो. “सलग दोन रात्री जेमतेम तीन तास झोपूनही थकवा नसेल, तर.”

“हे पटतं.” तिने लिहिलं. “पण त्या रात्री मी कागद फाड म्हणाले तर? आज लिहिणारी मी, तेव्हा नाही म्हणणारीही मीच. कुणाचं ऐकशील?”

“झोप झालेल्या ताईचं.”

“नैराश्यात मी चौदा-चौदा तास झोपते. तेव्हाच्या माझ्यावर भरवसा ठेवशील?”

मी गप्प झालो. मग म्हणालो, “नेईन मी तुला. पण तू त्या रात्री जे म्हणशील, ते डॉक्टरांपुढे जसंच्या तसं सांगेन. माझं मत नंतर.”

“आधी माझं?”

“आधी तुझं.”

“मग हेही लिहिते,” म्हणत तिने पेन उचललं.