परक्याची भिंत

हादरे मोजणारा जिओफोन बसवायचा म्हणजे त्याच्यावरचा बाण सुरुंगाकडे करायचा, बुडबुडा मध्यावर आणायचा आणि प्लास्टरने तो फरशीला घट्ट धरवायचा. सैल राहिला तर थरथरतो तो स्वतः आणि आळ येतो इमारतीवर. तिन्ही दिशांतला कणांचा वेग तो टिपतो. त्यातला सर्वांत मोठा आकडा म्हणजे आमचा पीपीव्ही, मिलिमीटर प्रति सेकंदात.

गिरगावातल्या एका चाळीत आजींनी मला विचारलं होतं, "तुझं यंत्र म्हणतं काही झालं नाही. मग माझी भांडी कशी वाजली गं?" दोघंही खरं बोलत होती. माणसाला साधारण ०.३ च्या आसपासही हादरा जाणवतो. तडा जायला त्याच्या कितीतरी पट लागतो. आमची मर्यादा भिंतीसाठी असते, आजींसाठी नाही.

२०१८ साली काळबादेवीजवळच्या दोन आतश बेहरामांखालून, म्हणजे पारशी अग्निमंदिरांखालून, मेट्रो-३ चा बोगदा जाणार म्हणून काही पारशी मंडळी उच्च न्यायालयात गेली. त्यातलं वाडियाजी आतश बेहराम १८३० चं, अंजुमन १८९७ चं. इमारतीची काळजी त्यांनाही होती, पण मूळ म्हणणं निराळं होतं: अग्नीचं खालच्या भूमीशी असलेलं पवित्र नातं तुटेल. ते नातं कुठल्या जिओफोनवर उमटणार? न्यायालयाने अखेर काम करू दिलं. आमच्या साईटवर तेव्हा काहीजण हसले. "श्रद्धेला एकक नसतं," एकजण म्हणाला.

मला हसू आलं नाही, कारण आमचा तक्ता मला पाठ आहे. खाण सुरक्षा महासंचालनालयाचं १९९७ चं परिपत्रक सुरुंगांच्या बाबतीत आजही प्रमाण मानतात. कंपनाची वारंवारता ८ हर्ट्झच्या खाली असेल, तर ऐतिहासिक वास्तूला मर्यादा २. साध्या राहत्या घराला ५. इथवर ठीक, जुनी वास्तू नाजूक असते. पण पुढची ओळ वाचा. तेच राहतं घर खाणमालकाच्या स्वतःच्या मालकीचं आणि थोड्या वर्षांपुरतं असेल, तर १०. विटा त्याच, चुना तोच. मालक बदलला की मर्यादा दुप्पट! म्हणजे हा आकडा पदार्थविज्ञानातून आलेला नाही. आपलं घर जास्त हललं तरी चालेल, परक्याच्या भिंतीला जपा, हा धर्मविचार आहे, आणि तो मिलिमीटरमध्ये लिहिला म्हणून कोणी हसत नाही. पारशांनी मागितलं ते याच तक्त्यात आणखी एक ओळ.

अडचण पुढे आहे. ती ओळ भरायची कोणी? श्रद्धावंताने भरली तर तो शून्य लिहील, आणि शून्याखाली या शहरात एक पाइलसुद्धा ठोकता येणार नाही. खणणाऱ्याने भरली तर तो काय लिहील ते परिपत्रकातच दिसतं. म्हणून भांडण तिसऱ्याकडे जातं, आणि तो तिसरा पुरावा म्हणून आमचंच रीडिंग मागवतो.