वाकलेल्या पिनेचा प्रश्न

प्रोसेसरची वाकलेली पिन सरळ केली आणि संगणक पूर्ववत चालू लागला, तर ती पिन पुन्हा पहिल्यासारखी झाली असे म्हणावे का? प्रश्न दिसतो कारागिरीचा. पण झालेली गोष्ट दुरुस्तीने न झालेली होते का, हा तत्त्वज्ञानातला आणि धर्मशास्त्रातला जुना प्रश्न त्यात पुरता सामावलेला आहे. माणसाच्या बाबतीत त्यात लाज, श्रद्धा आणि लोकांची तोंडे मिसळतात. पिनेच्या बाबतीत यातले काहीच नसते. म्हणून तो तिच्यावर तपासून पाहणे सोयीचे.

एएमडीच्या एएम४ सॉकेटात बसणाऱ्या प्रोसेसरच्या पोटाला १३३१ पिना असतात. अर्ध्या मिलिमीटरहून बारीक, वर सोन्याचा पातळ मुलामा, आणि दोन पिनांत जेमतेम एक मिलिमीटरचे अंतर. इंटेलने २००४ साली एलजीए ७७५ सॉकेट आणून डेस्कटॉप प्रोसेसरवरच्या पिना मदरबोर्डवर हलवल्या. एएमडीने आपल्या मुख्य डेस्कटॉप मालिकेत तेच २०२२ साली एएम५ सॉकेटापासून केले. मधल्या काळातले लाखो प्रोसेसर मात्र पिनांसह लोकांच्या घरात आहेत. पिना वाकण्याचा ठरलेला प्रसंग म्हणजे कूलर काढणे. त्याच्या खालची थर्मल पेस्ट वाळून चिकटलेली असते, आणि कूलर सरळ वर ओढला की सॉकेटाची खिटी लावलेली असतानाही प्रोसेसर त्याच्यासोबत उपटून येतो.

सरळ करण्याची रीत साधी आहे. अंगातली स्थिर वीज आधी धातूला हात लावून उतरवायची. प्रोसेसर उलटा करून उजेडासमोर डोळ्यांच्या पातळीला धरला की पिनांच्या रांगांमधून आरपार दिसते. वाकलेली पिन तेवढी वाटेत आडवी येते. शिसे पुढे सरकवता येते अशा अर्ध्या मिलिमीटरच्या पेन्सिलीतले शिसे काढून तिचे पोकळ टोक पिनेवर चढवतात आणि हलक्या हाताने पिन उभी करतात. अख्खी रांगच कलली असेल तर जुने एटीएम कार्ड किंवा पातळ पाते रांगांमधून सावकाश फिरवतात. सरळ रेषेवर आणून सोडलेली पिन किंचित मागे येते, म्हणून तिला रेषेच्या केसभर पलीकडे न्यावे लागते. वाकडे लाकूड सरळ करणारे ते उलट्या बाजूला ताणतात, हा दाखला ॲरिस्टॉटलने ‘निकोमाकियन एथिक्स’च्या दुसऱ्या भागात दिला आहे तो स्वभावाच्या संदर्भात: माणसाचा ओढा ज्या टोकाकडे आहे त्याच्या विरुद्ध टोकाकडे त्याने स्वतःला ओढावे, म्हणजे तो मध्यावर येईल.

पिन मागे का येते याचे उत्तर धातूच्या आत आहे. दाब थोडा असेल तर अणूंमधली अंतरे ताणली जातात आणि दाब गेला की जागेवर येतात. मर्यादा ओलांडली की अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात आणि ती घसरण कायमची राहते. थर एकदम घसरत नाहीत. स्फटिकातल्या विस्थापन नावाच्या रेषीय दोषांच्या हालचालीतून टप्प्याटप्प्याने घसरतात, हे टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी १९३४ साली स्वतंत्रपणे मांडले. वाकताना अशी विस्थापने वाढतात आणि एकमेकांत अडकतात. सरळ करताना ती नाहीशी होत नाहीत, उलट त्यांत भर पडते. बाहेरचा आकार परत येतो. आतली रचना परत येत नाही. पिन पहिल्यापेक्षा कडक आणि ठिसूळ होते. तीच पिन मागेपुढे हलवत बसू नये म्हणतात ते याचसाठी.

ठोकल्याने धातू कडक होतो हे पुण्याच्या तांबट आळीत पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. तिथल्या मठारकामात भांड्यावर हातोडीने शेजारीशेजारी ठोके देतात. त्याने झळाळी येते आणि पत्राही ताठ होतो. घडवताना तांबे फार कडक झाले तर ते भट्टीत लाल करून मऊ करतात. त्या उष्णतेत स्फटिक नव्याने घडतात आणि अडकलेली विस्थापने बरीचशी निघून जातात. पण त्यासाठी काही शे अंश सेल्सियसचा ताव लागतो, आणि प्रोसेसरच्या जोडांतले शिसेविरहित सोल्डर सुमारे २१७ अंशांनाच वितळू लागते. पिनेला भट्टीची वाट बंद आहे.

आता मूळ प्रश्न. समोर दोन पिना आहेत: एक कधीच वाकली नाही, दुसरी वाकून सरळ झाली. वाकडेपणा आज दोघींतही नाही. मग फरक कुठे आहे? न्याय-वैशेषिक परंपरेने अभावाचे जे प्रकार सांगितले त्यांतले दोन इथे नेमके उपयोगी पडतात. वस्तू निर्माण होण्यापूर्वीचा तिचा अभाव तो प्रागभाव. त्याला आरंभ नाही, पण शेवट आहे. वस्तू नष्ट झाल्यानंतरचा अभाव तो प्रध्वंसाभाव. त्याला आरंभ आहे, शेवट नाही. न वाकलेल्या पिनेत वाकडेपणाचा प्रागभाव आहे आणि सरळ केलेल्या पिनेत त्याचा प्रध्वंसाभाव. नुसत्या डोळ्यांना दोन्ही अभाव सारखे दिसतात, पण ते एक नव्हेत, आणि दुसरा कितीही प्रयत्न केला तरी पहिला होऊ शकत नाही, कारण एकदा संपलेला प्रागभाव परत येत नाही. हाच न्याय सरळपणालाही लागतो: वाकताना जो सरळपणा गेला त्याचा ध्वंस कायमचा, दुरुस्तीने आलेला सरळपणा दुसरा आहे. दुरुस्तीच्या तत्त्वज्ञानात इतके नेटके हत्यार क्वचितच सापडते.

याच परंपरेत गुणांच्या यादीत संस्कार नावाचा गुण आहे आणि त्याचे तीन प्रकार मानले आहेत: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. वाकवलेली फांदी सोडल्यावर जागेवर येते ती स्थितिस्थापकामुळे. आत्म्यात राहून स्मरण घडवते ती भावना. स्थितिस्थापक फक्त पृथ्वीत असतो की पृथ्वी, जल, तेज आणि वायू या चारही द्रव्यांत, यावर मतभेद होता, आणि विश्वनाथाच्या ‘भाषापरिच्छेदा’त दोन्ही पक्ष नोंदलेले आहेत. वैशेषिक सोने तेजात मोडतात. तेव्हा सोन्याचा मुलामा चढवलेल्या पिनेबद्दल त्यांच्यात चांगलाच वाद झाला असता. मोलाची गोष्ट अशी की वस्तूचे जागेवर परतणे आणि मनाने घडलेले धरून ठेवणे हे दोन्ही त्यांनी एकाच गुणाखाली घेतले. वाकून सरळ झालेल्या धातूत या दोहोंना जवळचे काहीतरी एकत्र दिसते: थोडे परतणे आणि बरेच काही धरून ठेवणे.

माणसाच्या बाबतीत हा प्रश्न प्रायश्चित्ताच्या रूपाने येतो. याज्ञवल्क्यस्मृतीच्या प्रायश्चित्ताध्यायात भेद केला आहे: अजाणता घडलेले पाप प्रायश्चित्ताने जाते, जाणूनबुजून केलेल्या पापाच्या प्रायश्चित्ताने कर्ता व्यवहार्य होतो, म्हणजे लोकांनी त्याच्याशी व्यवहार ठेवावा इतका तो पात्र ठरतो. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात ‘मिताक्षरा’ लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने पापाच्या दोन शक्ती मानल्या, नरकात नेणारी आणि व्यवहार अडवणारी, आणि जाणून केलेल्या पापाबाबत प्रायश्चित्त दुसरीच दूर करते असा अर्थ लावला. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’च्या १९५३ साली निघालेल्या चौथ्या खंडात या विषयावरच्या मतमतांतरांची विस्तृत चर्चा आहे. या भेदाचे महत्त्व कमी लेखले जाते. घडलेले पुसले गेले असा दावा न करताही माणसाला पुन्हा समाजात पूर्ण जागा देता येते, हे शास्त्राने त्यातून मान्य केले. दुरुस्त पिनही याच अर्थाने व्यवहार्य असते: प्रवाह तिच्यातून पहिल्यासारखाच वाहतो, आणि सॉकेट तिच्या पूर्वेतिहासाची चौकशी करत नाही.

ख्रिस्ती चिंतनात हाच वाद ईश्वराच्या सर्वशक्तिमत्तेच्या अंगाने झाला. घडलेले न घडलेले करणे ईश्वराला शक्य आहे का, हा प्रश्न पीटर डेमियनने अकराव्या शतकात गमावलेल्या कौमार्याचे उदाहरण घेऊन चर्चिला. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने उत्तर दिले की ईश्वर शरीरमनाची सगळी मलिनता दूर करू शकतो, पण ती होती ही गोष्ट नाहीशी करू शकत नाही, कारण त्यात व्याघात आहे. प्रागभाव आणि प्रध्वंसाभाव ही नावे सोडली तर नैयायिकाचेही म्हणणे हेच ठरते.

पिन तुटली तर प्रश्न बदलतो. वाकण्यात वस्तूचा कुठलाही भाग जात नाही. तुटण्यात अवयवच जातो. अवयव गेला की जुना अवयवी, म्हणजे अवयवांनी बनलेली अख्खी वस्तू, नष्ट होऊन नवा उत्पन्न होतो, असे वैशेषिक म्हणतात. अवयवांहून वेगळा अवयवी मुळात नाहीच, असे बौद्ध म्हणतात. प्रोसेसर या वादात कुणाचीच बाजू घेत नाही. त्याच्या पुष्कळ पिना वीजपुरवठ्याच्या आणि ग्राउंडच्या असतात, तेच काम शेजारच्या पिनाही करतात, आणि त्यांतली एखादी तुटली तर बहुतेक वेळा काही बिघडत नाही. मेमरीच्या डेटाची पिन गेली तर मात्र रॅमच्या दोन चॅनेलपैकी एक दिसेनासे होते, आणि मग सोल्डरने नवी पिन बसवण्यावाचून इलाज उरत नाही.

जुना प्रोसेसर विकताना या सगळ्याला व्यवहारात किंमत येते. सरळ केलेल्या पिना असलेला प्रोसेसर आज निर्दोष चालत असेल, तर तो चालतो असे सांगणे खरे आहे. त्याला कधी काही झाले नाही असे सांगणे खोटे आहे. दुसऱ्या वाकण्याला त्या पिना पहिल्याइतक्या टिकणार नाहीत, आणि ही जोखीम घेणाऱ्याच्या पदरी जाते. म्हणून कोणत्या कोपऱ्यातल्या किती पिना वाकल्या होत्या आणि त्या किती वेळा सरळ केल्या, हे विक्रेत्याने आधी सांगावे, आणि रॅमच्या दोन्ही चॅनेलची व ग्राफिक्स कार्डच्या स्लॉटची चाचणी गिऱ्हाइकासमोर चालवून दाखवावी.