करारांतील तिसरा पक्ष

पेणकरपाडा या नांवांतील ‘पाडा’ हा शब्द लहानशा वस्तीचा वाचक आहे. ज्या काळीं हें नांव पडलें, त्या काळीं वाट कोणीं काढली आणि विहिरीचें पाणी कोणाच्या हयगयीनें नासलें, हें बहुधा साऱ्या वस्तीस ठाऊक असे. आज तसें राहिलें नाहीं. १९८५ सालीं पांच ग्रामपंचायती एकत्र होऊन मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली, २००२ सालीं तिची महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या शिरगणतींत शहराची लोकसंख्या आठ लाखांवर गेली. एवढ्या माणसांचे रस्ते, पूल, पाणी व सांडपाणी हा व्यवहार गांवपंचांच्या अनुभवावर चालणें शक्य नाहीं. त्यास शास्त्र पाहिजे, आणि तें शास्त्र जाणणारे सल्लागार आज करारानें नेमले जातात.

मध्यंतरीं रस्त्याच्या एका कामाचा फलक वाचीत असतां शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनीं मला विचारलें, “सर, पालिका समजली, ठेकेदार समजला, पण हा सल्लागार कशाला जबाबदार?” अध्यापकाच्या संवयीप्रमाणें मी तत्काळ उत्तर देऊं लागलों, आणि दुसऱ्याच वाक्यास अडखळलों. तो प्रश्न दिसतो त्याहून खोल आहे.

प्रथम सल्लागाराची बाजू पाहूं. आपणांस जें कळत नाहीं तें जाणत्यास विचारणें यांत कमीपणा नाहीं; न विचारणें हाच दोष. १९०८ सालीं मुसी नदीच्या महापुरानें हैदराबाद शहराची दैना केली, तेव्हां निजाम सरकारनें मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्यांस पाचारण केलें. मुंबई इलाख्याच्या नोकरींत असतां खडकवासल्याच्या धरणास आपोआप उघडणारे दरवाजे बसविणारा हा पुरुष हैदराबादेंत परकाच होता. परंतु पुढें उस्मानसागर व हिमायतसागर हे जलाशय झाले ते त्याच्याच योजनेंतून. तेथें सल्ला देणारा कोण, हें सर्वांस ठाऊक होतें, आणि सल्ल्याचें यशापयश त्याच्या नांवाशीं कायमचें जोडलेलें होतें. तेव्हां सल्लागार असावा कीं नसावा हा वाद नाहीं. सल्ला विकत घेतला म्हणजे त्याबरोबर विकत घेणाऱ्याची जबाबदारीही दुसऱ्याच्या घरीं जाते काय, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नास १४ मार्च २०१९ च्या सायंकाळीं भयंकर रूप आलें. मुंबईंत छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसालगतच्या पादचारी पुलाचा भाग कोसळला आणि सात जणांचे प्राण गेले. पूल रेल्वेचा कीं महानगरपालिकेचा, असा वाद पहिल्या कांहीं तासांतच निघाला. पूल पालिकेचा असल्याचें मागाहून निष्पन्न झालें. त्या पुलाचें परीक्षण पालिकेनें एका सल्लागार संस्थेकडून करवून घेतलें होतें, आणि त्या अहवालांत तो किरकोळ दुरुस्तीनंतर वापरण्याजोगा ठरला होता. पुढें परीक्षकास व पालिकेच्या कांहीं अभियंत्यांस अटक झाली. गुन्हा कोणाचा हें ठरविणें न्यायालयाचें काम आहे. त्यांत मी पडत नाहीं. पण अशा व्यवस्थेंत जो मोह लपलेला असतो, त्याचा विचार तुम्हांआम्हांस करतां येईल. अधिकारी म्हणतो, “तज्ज्ञानें योग्य ठरविलें, मग मीं शंका कां घ्यावी?” तज्ज्ञ म्हणतो, “मीं केवळ मत दिलें; निर्णय पालिकेचा.” दोघांचेंही म्हणणें सुटें सुटें पाहतां खोटें नाहीं. दोन्हीं एकत्र ठेविलीं म्हणजे मात्र पूल कोणाच्याच माथीं राहत नाहीं.

असें होण्याचें कारण, मला वाटतें, करार या कल्पनेंतच आहे. करारांत पक्ष दोन असतात. एक पैसा देतो, दुसरा अहवाल देतो. आणि अहवाल पोंचला कीं उभयतांचें देणेंघेणें संपतें. पुलावरून चालणारा मनुष्य त्या कागदावर कोठेंच नसतो. हीच अडचण एकदां इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठापुढें आली होती. १९२८ सालीं स्कॉटलंडमधील पेझ्ली गांवीं एका बाईस तिच्या मैत्रिणीनें आल्याच्या पेयाची बाटली घेऊन दिली; बाटलींत कुजलेली गोगलगाय निघाली, अशी त्या बाईची तक्रार होती. बाटली तिनें विकत घेतलीच नव्हती, तेव्हां कोणाशींच तिचा करार नव्हता. तरीही १९३२ सालीं लॉर्डांच्या सभेनें बहुमतानें असें ठरविलें कीं, आपल्या हयगयीनें ज्यास इजा होईल हें आधींच दिसण्याजोगें आहे, त्याची काळजी घेणें हें करार नसतांही कर्तव्य आहे. कायद्याच्या बारकाव्यांत न शिरतां त्यांतील नीतितत्त्व आपण घेऊं. बाटली पिणाऱ्याचा जर एवढा हक्क, तर ज्याच्या करांतून सल्लागाराची दक्षिणा दिली जाते त्या पुलावरच्या पांथस्थाचा किती?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाहीं. प्रत्येक मताबद्दल असा जाब विचारूं लागल्यास कोण शहाणा मनुष्य सल्ला देईल? वैद्याचाही रोगी दगावतो. खरें आहे, पण वैद्यास आपण रोगी दगावल्याबद्दल दोष देत नाहीं, नाडी न पाहतां औषध दिल्याबद्दल देतों. प्रामाणिक चूक आणि न पाहतां केलेली सही यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. शिवाय पुष्कळदां सल्लागाराचा मेहनताना कामाच्या खर्चाच्या टक्केवारीनें ठरतो. अशा वेळीं लहान दुरुस्ती सुचविणें म्हणजे स्वतःच्याच खिशास कात्री लावणें होय. माणसें वाईट असतात असें मी म्हणत नाहीं. परंतु ज्या व्यवस्थेंत प्रामाणिकपणास रोज तोटा सोसावा लागतो, ती व्यवस्था माणसांच्या चांगुलपणावर अन्याय करते.

घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीबरोबर आलेल्या बाराव्या परिशिष्टांत नगरपालिकांच्या विषयांमध्यें रस्ते व पूल यांचा स्पष्ट उल्लेख आहे. हा विश्वास सल्लागारावर नव्हे, लोकनियुक्त संस्थेवर ठेविलेला आहे. तिनें ज्ञान बाहेरून अवश्य आणावें. पण तें ज्ञान पारखण्याइतकें शहाणपण घरांत राखलेंच पाहिजे. ज्या पालिकेजवळ अहवाल वाचून उलट प्रश्न विचारणारा स्वतःचा अभियंता नाहीं, ती सल्ला घेत नसते, केवळ सही घेत असते. आणि ज्या शहरांतील सुशिक्षित माणसें असा अहवाल पाहण्यास कधीं मागत नाहींत, त्यांनीं तरी कोणत्या तोंडानें पालिकेस बोल लावावा? माहितीच्या अधिकाराचा कायदा होऊन २००५ पासून इतकीं वर्षें लोटलीं; माझ्या हातून मात्र अद्याप एकही अर्ज गेलेला नाहीं.

त्या वृद्ध गृहस्थांस मीं चार दिवसांनीं उत्तर दिलें. “सल्लागार पालिकेस जबाबदार, पालिका आपणांस जबाबदार,” असें मी म्हणालों. ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, “मग सर, विचारायला केव्हां जायचें?” अर्जाचा मसुदा मीं त्याच रात्रीं लिहावयास घेतला.