सगळ्यांचा, म्हणजे कुणाचा?

मस्कतमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवारची. माझ्या ओळखीचा एक गोवेकर बेस गिटारवादक शुक्रवारी सकाळी रुवीच्या चर्चमध्ये वाजवतो, रात्री हॉटेलात जॅझ आणि शनिवारी मल्याळी मित्रांच्या रॉक बँडमध्ये. गेल्या वर्षी आमच्या गणेशोत्सवाच्या ऑर्केस्ट्रालाही त्यानेच साथ दिली. तालमीनंतर चहा घेताना एक काका म्हणाले, "हा सगळ्यांचा, म्हणजे कुणाचाच नाही." सगळे हसले. मला हसू आलं नाही. पीएचडीनंतरची ही माझी तिसरी प्रयोगशाळा, आणि करार दोन वर्षांचा.

चार ठिकाणी वाटला गेलेला माणूस एकनिष्ठ असू शकतो का?

घराण्याचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्याला 'नाही' म्हणणं सोपं जातं. पण तबलजी आज ख्यालाला, उद्या नाट्यगीताला, परवा कथकला बसतो. त्याला कुणी बेइमान म्हणत नाही. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात जॅझ वाजवत आणि सी. रामचंद्रांच्या गाण्यांतही, 'अलबेला'त (१९५१) ते पडद्यावरही दिसतात. हिंदी चित्रपटांसाठी बेस गिटार वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये यंत्रांवर दहा रागांची डिस्को तबकडी काढली. त्यातलं एक यंत्र, रोलँड टीबी-३०३, मुळात बेसवादकाची जागा भरून काढायला बनवलेलं! तबकडी तेव्हा फारशी कुणी ऐकली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा जगाचं लक्ष गेलं. इतकी वर्षं इतरांच्या गाण्यांत वाजवलेलं वाया गेलं नव्हतं.

तरीही काकांच्या बोलण्यात तथ्य आहे. बँड मोडला तर अशा माणसाचं फारसं काही मोडत नाही. 'मी काय, आज आहे, उद्या नाही' ही पळवाट त्याच्या खिशात कायम असते. आधीच्या एका प्रयोगशाळेत एका विद्यार्थिनीचं नाव शोधनिबंधातून गळत होतं. मला ते दिसत होतं. करार संपायला तीन महिने होते. मी गप्प बसलो.

आमच्या तिसऱ्या तालमीत एक ताई उंच पट्टीत गाताना अडखळत होती. पट्टी ठरवली होती निवेदकांनी, त्यामुळे आम्ही सगळे माना डोलवत होतो. बेसवाला थांबला. "दोन सूर खाली घ्या. तिच्या गळ्याला हे झेपत नाही." निवेदक म्हणाले, वेळ नाही. तो म्हणाला, "मग मी वाजवत नाही." पट्टी उतरली, आणि ताई मोकळी गायली.

गाण्याचा मूळ स्वर धरून ठेवणं हे बेसचं काम. पट्टी चुकली तर त्याला आधी कळतं. पण कळणं वेगळं आणि थांबणं वेगळं. मंडळाचे वर्गणीदार आम्ही, आणि तिची बाजू घेतली ती पाहुण्याने.

म्हणून काकांचा हिशेब मला पटत नाही. माणूस किती ठिकाणी जातो यावरून निष्ठा मोजता येत नाही. जिथे बसला आहे तिथे, त्या तासाभरात, कुणासाठी थांबायची त्याची तयारी आहे का, हे बघावं लागतं. एकाच घरात जन्म काढूनही ती नसू शकते.

त्या विद्यार्थिनीला मी मागच्या आठवड्यात पत्र लिहिलं. उशीर झालाय, हे ठाऊक आहे. या प्रयोगशाळेत माझे अजून चौदा महिने बाकी आहेत.