इयादत किती दिवसांची?

आजाऱ्याची विचारपूस, म्हणजे इयादत, हा आपल्यात आजाऱ्याचा हक मानला आहे. आपण त्याच्यावर उपकार करत नाही, त्याचं देणं देतो. मोहल्ल्यात कुणी दवाखान्यात पडलं की फळांच्या पिशव्या आणि यखनीचे डबे पोहोचतात. पण टाके निघाले की हा हक संपतो का? वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाकडे पाहिलं की हा प्रश्न टाळता येत नाही.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. आमच्या एका आपांची ही शस्त्रक्रिया झाली त्याला चार वर्षं झाली. त्यांच्या जठराचा सुमारे पाऊण भाग काढून टाकला. दुसऱ्या प्रकारात, बायपासमध्ये, जठराच्या वरच्या टोकाला अंड्याएवढी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. दोन्हींत भूक कमी होते, साखर आटोक्यात येऊ लागते. मात्र खरं काम त्यानंतर सुरू होतं. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं त्या इवल्याशा पोटात बसवायची. पाणी जेवणासोबत नाही, अर्ध्या तासाने. पहिल्या काही महिन्यांत केस गळतात, झपाट्याने वजन उतरल्यामुळे पित्ताशयात खडे होऊ शकतात. रक्ताच्या तपासण्या तर कायमच्याच. म्हणजे आपली इयादत संपते तिथे यांची गरज सुरू होते.

आणि तेव्हा आपण काय करतो? ताने देतो. ‘खाणं आवरता आलं नाही म्हणून पोट कापून घेतलं!’ मोतीबिंदू काढणाऱ्याला आळशी कुणी म्हणत नाही. उपाशी राहून वजन उतरवलं की शरीर भूक वाढवतं आणि ऊर्जेचा खर्च कमी करतं. हे शरीराचं काम आहे, चारित्र्याचं नव्हे. पोटाचे तीन भाग करून एकच भाग अन्नाने भरावा, ही शिकवण आपल्याला पाठ आहे. दावतीत ती आपण सगळेच मोडतो, ऐकवतो मात्र फक्त जाड माणसाला.

तान्यांच्या उलट टोकाला आग्रह. ‘थोडा तो ले गे, अब तो ऑपरेशन बी हो गया!’ दस्तरखानावर प्रेम मोजायचं आपलं माप एकच, समोरच्याच्या ताटात किती वाढलं. बायपास झालेल्याने इफ्तारला घोटाघोटाने गोड सरबत प्यायलं तर साखर एकदम आतड्यात उतरते. छाती धडधडते, घाम फुटतो, चक्कर येते. सुरुवातीच्या महिन्यांत तर दिवसभर पाण्याचे छोटे घोट घेत राहावं लागतं, तिथे रोजा कसा ठेवणार? आजाऱ्याला सवलत आहेच. पण बारीक झालेली बाई आजारी दिसत नाही, म्हणून तिला चारचौघींत जाब द्यावा लागतो.

इजिप्तच्या इमान अहमद यांची आठवण होते. सुमारे ५०० किलो वजनाच्या या बाईंना २०१७च्या फेब्रुवारीत विमानाने मुंबईत आणलं, मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली. वर्तमानपत्रांतून किती किलो उतरले याचे आकडे येत राहिले. मग त्यांची बहीण आणि डॉक्टर यांच्यात वाद झाला, मे महिन्यात त्यांना अबुधाबीला हलवलं, आणि २५ सप्टेंबर २०१७ रोजी तिथे त्या वारल्या. दोष कुणाचा, हा माझा विषय नाही. एका माणसाची सगळी कहाणी आपण काट्यावर वाचली, एवढंच मला खुपतं.

कारण काटा परत वर चढतो. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं की पहिल्या वर्षाच्या सुमारास वजन सर्वांत खाली जातं, पुढे काही परत येतं. तरीही शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यू कमी होते. म्हणजे थोडं वजन परत येणं ही हार नव्हे. पण पहिल्या वर्षी ‘माशाअल्ला, ओळखू आली नाहीस’ म्हणणारे तिसऱ्या वर्षी गप्प होतात, नाहीतर कुजबुजतात. शस्त्रक्रियेनंतर काहींना नैराश्य घेरतं, आत्महत्येचा धोकाही वाढलेला अनेक अभ्यासांत दिसला आहे. आपली सोबत जर निकालावर अवलंबून असेल, तर ती सोबत नव्हे, बक्षीस झालं.

मग समोर कुणी चुकीचं खात असेल तर गप्प बसायचं का? शरीर अल्लाची अमानत आहे, टोकणं आमचं कर्तव्य आहे, असं लोक म्हणतात. अमानत खरीच, पण ती ज्याची त्याच्या हवाली केलेली आहे, मोहल्ल्याच्या नव्हे. ‘रक्त तपासायला जायचंय ना, मी येते’ ही सोबत. ‘हा तिसरा कबाब’ ही पाळत. दोन्हींच्या मागे माया असू शकते, म्हणूनच फरक करणं अवघड जातं.

शिवाय घरातल्या बाईचं ऑपरेशन झालं तरी बारा माणसांची बिर्याणी तिलाच करावी लागते, मीठही तिनेच चाखायचं. पुरुषाचं झालं तर त्याच्यासाठी वेगळं शिजतं. यावर आपल्याकडे कुणी बोलत नाही.

आपांच्या सासूबाई या शस्त्रक्रियेच्या आजही विरोधात आहेत. ‘अल्लाने दिलेलं पोट कापायचं नसतं,’ हे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. पण गेल्या ईदला बाजारातून एक छोटी स्टीलची कटोरी त्यांनीच आणली. दावत असली की पाहुण्यांच्या आधी ती कटोरी त्या स्वतः भरतात आणि दुसऱ्यांदा वाढायला कुणी आलं तर हाताने थांबवतात.