इतके लोक खोटं बोलतील का?

२०२४ च्या पावसाळ्यात नगर, बीड, जालना, पुणे या जिल्ह्यांत रात्री-अपरात्री ड्रोन फिरत असल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. मराठा आरक्षण आंदोलनामुळे गाजलेल्या अंतरवाली सराटीवर घिरट्या घालणाऱ्या ड्रोनचा विषय तर विधानसभेत गेला. गावोगाव पोरं काठ्या-बॅटऱ्या घेऊन गस्त घालू लागली. कुणी म्हणे चोर घरांची टेहळणी करतायत, कुणी म्हणे सरकारच गुपचूप पाहणी करतंय. अधिकाऱ्यांकडून वरचेवर ऐकू येणारं उत्तर एकच, अफवांवर विश्वास ठेवू नका. त्यावर पारावरचं उत्तरही ठरलेलं: अहो, इतके लोक खोटं बोलतील का?

हेच वाक्य आता मोबाइलवर वेगळ्या मालासोबत फिरतं आहे. २६ जुलै २०२३ रोजी अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे डेव्हिड ग्रुश या माजी गुप्तचर अधिकाऱ्याने साक्ष दिली. कोसळलेली अज्ञात यानं सरकारच्या ताब्यात आहेत आणि हे कित्येक दशकं लपवलं गेलं आहे, असं त्याचं म्हणणं. यान स्वतः पाहिल्याचं त्याने सांगितलं नव्हतं. ज्यांना माहिती आहे त्यांच्याशी आपण बोललो, एवढाच त्याचा आधार होता. मराठी निवेदन चढवलेल्या चित्रफितींत मात्र ‘अमेरिकेने कबूल केलं’ एवढंच उरतं. आणि नगरसारख्या लष्करी शहरात त्याला स्थानिक शेपूट जोडायला वेळ लागत नाही. के. के. रेंजवर, लष्कराच्या सरावक्षेत्रावर, रात्री आकाशात दिसतं ते काय असतं? लष्कर सांगत का नाही?

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. इतके लोक खोटं बोलत नाहीत. खोटं बोलण्याचा इथे प्रश्नच नाही. माणसाने काय पाहिलं आणि त्याला नंतर काय म्हणायला शिकवलं गेलं, यात जे अंतर आहे ते कुणी मोजतच नाही. श्रद्धाळू मोजत नाहीत, आणि स्वतःला विवेकवादी म्हणवणारेही मोजत नाहीत.

आकाशातल्या अनोळखी गोष्टींचा जुना इतिहास वाचकांना ठाऊक आहे. उल्का, धूमकेतू, शकुन-अपशकुन यांत जाण्याचं कारण नाही. १८९६-९७ मध्ये अमेरिकेत गूढ ‘हवाई जहाजां’ची लाट आली होती, आणि टेक्सासमधल्या ऑरोरा गावी त्यातलं एक कोसळल्याची बातमीही छापून आली होती. २४ जून १९४७ ला वैमानिक केनेथ अर्नोल्डने रेनियर पर्वतापाशी नऊ चमकत्या वस्तू पाहिल्या आणि उडत्या तबकड्या जगभर पोचल्या. पुढे परग्रहवासी प्राचीन काळी पृथ्वीवर येऊन गेले असं लिहिणाऱ्या डॅनिकेनचं खूळ आपल्याकडेही येऊन गेलं. इथपर्यंत फारसा वाद नाही.

वाद आहे तो रॉसवेलचा. त्यातही १९४७ चा नव्हे, १९७८ चा. या दोन सालांच्या मध्ये जे घडलं ते बहुतेकांनी उलटं वाचलं आहे.

आधी १९४७. न्यू मेक्सिकोत एका रँचवर काम पाहणाऱ्या मॅक ब्रेझेलला जूनच्या मध्यावर माळरानात कचरा पसरलेला दिसला. रबराच्या पट्ट्या, चांदीसारखा कागद, चिवट कागद, बारीक काठ्या. सगळं मिळून वजन जेमतेम दोन-अडीच किलो. त्यात एक चिकटपट्टी होती आणि तिच्यावर फुलं छापलेली होती. ही फुलं लक्षात ठेवा. काही दिवसांनी उडत्या तबकड्यांची चर्चा कानावर आली तेव्हा त्याने शेरीफला कळवलं. ८ जुलैला रॉसवेलच्या हवाई तळाने जाहीर केलं की आम्हाला उडती तबकडी मिळाली आहे. त्याच दिवशी वरच्या अधिकाऱ्यांनी खुलासा केला की तो हवामानाचा फुगा होता. लगेच ब्रेझेलने स्थानिक वर्तमानपत्राला मुलाखत दिली. तो म्हणाला, हवामानाचे फुगे मला याआधी दोनदा सापडले आहेत, हे तसं नव्हतं.

आता जरा थांबून पाहू की त्या दिवशी खरं कोण बोलत होतं. अमेरिकी हवाई दलानेच १९९४ मध्ये मान्य केलं की ते अवशेष बहुधा ‘मोगल’ नावाच्या अतिगुप्त प्रकल्पाचे होते. सोव्हिएत संघाने अणुस्फोट केलाच तर त्याचा आवाज वातावरणाच्या वरच्या थरात टिपता यावा, यासाठी न्यूयॉर्क विद्यापीठाचे लोक अलामोगोर्डोहून फुग्यांच्या लांबच लांब माळा सोडत होते. त्यांना आवाज टिपणारी यंत्रं आणि, फुगे रडारला दिसावेत म्हणून, चांदीसारख्या कागदाचे परावर्तक बांधलेले असत. ४ जून १९४७ ला सोडलेल्या माळेशी हे अवशेष जोडले जातात. गुप्तता इतकी होती की त्या फुग्यांवर काम करणाऱ्या चार्ल्स मूर यांना प्रकल्पाचं नावसुद्धा कित्येक दशकं माहीत नव्हतं. म्हणजे ‘हा साधा हवामानाचा फुगा नाही’ असं सांगणारा ब्रेझेल बरोबर होता, आणि खुलासा करणारं लष्कर खोटं बोलत होतं. त्या काळी वर्तमानपत्र वाचून ‘फुगाच तो, लोक वेडे आहेत’ म्हणणारा सुशिक्षित माणूस खोट्याची री ओढत होता.

यानंतर तीस वर्षं शांतता. १९७८ मध्ये अणुभौतिकीचे अभ्यासक आणि तबकड्यांचे पुरस्कर्ते स्टँटन फ्रीडमन यांची गाठ जेसी मार्सेल यांच्याशी पडली. मार्सेल म्हणजे १९४७ मध्ये तो कचरा गोळा करायला गेलेले मेजर. आता ते निवृत्त झाले होते. ते म्हणाले, ती वस्तू या पृथ्वीवरची नव्हती. १९८० मध्ये बर्लिट्झ आणि दुसऱ्याच एका मूर यांचं रॉसवेलवरचं पुस्तक आलं. मग साक्षीदारांची रांग लागली. १९८९ मध्ये एका अंत्यविधी व्यावसायिकाने मृतदेहांची हकीकत सांगितली. १९४७ च्या कोणत्याही बातमीत मृतदेह नव्हते.

श्रद्धाळू म्हणतात, १९७८ मध्ये दबलेल्या साक्षीदारांची तोंडं उघडली. संशयवादी म्हणतात, १९७८ मध्ये थापा सुरू झाल्या. दोघांचंही चुकतं. १९७८ मध्ये बदलला तो प्रश्न. १९४७ मध्ये ब्रेझेलला विचारलं होतं, काय सापडलं? त्याने वस्तू मोजून सांगितल्या. १९७८ नंतर प्रत्येकाला विचारलं जाऊ लागलं, ते कुठून आलं असेल? हा प्रश्न डोळ्यांना विचारलेलाच नाही. त्याचं उत्तर देताना माणूस आठवणीतून सामान काढतो आणि त्या प्रश्नाच्या मापाने शिवतो. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी लोकांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली. ‘गाड्या धडकल्या तेव्हा’ असं न विचारता ‘गाड्यांचा चुराडा झाला तेव्हा’ असं विचारलं की लोक वेग जास्त सांगत; आणि आठवड्याने त्यांच्यातल्या जास्त जणांना फिल्ममध्ये नसलेल्या फुटक्या काचा आठवत. त्यांपैकी कुणीही खोटं बोलत नव्हतं.

आता ती फुलं. न्यूयॉर्कच्या एका खेळण्यांच्या उत्पादकाकडून परावर्तक बनवून घेतले गेले होते, आणि त्यांना लावलेल्या चिकटपट्टीवर गुलाबी-जांभळ्या नक्षीची फुलं होती, असं फुग्यांवर काम केलेल्या चार्ल्स मूर यांनी नंतर सांगितलं. ब्रेझेलने १९४७ मध्ये ती पाहिली आणि फुलं म्हणूनच सांगितली. तीन दशकांनंतरच्या साक्षींत तीच नक्षी अनोळखी चिन्हांची लिपी झाली, इजिप्तच्या चित्रलिपीसारखी. वस्तू तीच आणि जांभळा रंगही तोच, पण पाहणाऱ्यासमोर ठेवलेला प्रश्न वेगळा. रॉसवेलच्या सगळ्या पुस्तकांपेक्षा मला ही एक चिकटपट्टी जास्त सांगून जाते.

१९७८ च्या साक्षींना बळ कुठून मिळालं, हेही सांगायला हवं. ते मिळालं सरकारच्या खऱ्या खोटेपणातून. ‘त्यांनी तेव्हा लपवलं’ हे विधान सत्य होतं, म्हणून ‘आम्ही आज सांगतो ते सत्य’ हे विधान त्याच्या पाठीवर बसून आत आलं. राज्यकर्त्यांनीही हा घोडा पुरेपूर वापरला. सीआयएने नेमलेल्या १९५३ च्या रॉबर्टसन समितीने असल्या नोंदींचं गूढ लोकांच्या मनातून उतरवण्यासाठी माध्यमं वापरावीत असं सुचवलं. सीआयएच्याच १९९७ च्या इतिहासात म्हटलं आहे की पन्नासच्या दशकाच्या अखेरच्या आणि साठच्या दशकातल्या निम्म्याहून अधिक नोंदी यू-२ सारख्या गुप्त टेहळणी विमानांमुळे झाल्या होत्या, आणि चौकशी अधिकारी खरं माहीत असून लोकांना बर्फाचे कण, तापमानाचे थर अशी कारणं देत होते. १९९७ मध्ये हवाई दलाने मृतदेहांच्या हकिकतींसाठी पन्नासच्या दशकातल्या पॅराशूट चाचण्यांच्या बाहुल्या पुढे केल्या. १९४७ च्या गोष्टीला १९५३ नंतरच्या बाहुल्या! अशा खुलाशांनी संशय मिटत नाही, पोसला जातो.

याच्या अगदी उलट वागणारी एक संस्था आपल्याकडे आहे, आणि तिचं उदाहरण कुणी देत नाही याचं मला वाईट वाटतं. हैदराबादहून टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मोठाले फुगे वातावरणात तीस-चाळीस किलोमीटरवर जातात. त्यांची उपकरणं पॅराशूटने तेलंगण, आंध्र, कर्नाटक, महाराष्ट्रात कुठेही उतरू शकतात. म्हणून उड्डाणाआधी जिल्हा प्रशासनांमार्फत जाहीर सूचना निघते: असं काही सापडलं तर हात लावू नका, पोलिसांना कळवा, कळवणाऱ्याला बक्षीस मिळेल. उपकरणावर पत्ता असतो. डिसेंबर २०२२ मध्ये विकाराबाद जिल्ह्यात अशाच फुग्याची भलीमोठी कुपी शेतात उतरली. एका स्पॅनिश कंपनीची ती चाचणी होती. गावकऱ्यांना ती परग्रहावरची वाटली, गर्दी जमली. आणि थोड्याच वेळात खरी माहिती कळून तो विषय संपला. लपवलेलं काही नसल्यामुळे दंतकथेला धरायला जागाच उरली नाही. याच फुग्यांच्या मदतीने जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पृथ्वीबाहेरच्या जिवांचा शोध घेतला. २००५ च्या उड्डाणात ४१ किलोमीटरपर्यंतची हवा गोळा झाली, जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या, आणि तरी इस्रोने स्पष्ट सांगितलं की एवढ्याने ते पृथ्वीबाहेरून आल्याचं सिद्ध होत नाही. परग्रहावरच्या जीवसृष्टीची आस नारळीकरांइतकी मराठीत कुणी जागवली नसेल. पण पुरावा कमी पडला की ते तिथेच थांबत.

साक्षीदारांच्या बाजूचंही एक उदाहरण घ्या: २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. महाराष्ट्राच्या मोठ्या पट्ट्यात लोकांनी आकाशातून जळत जाणाऱ्या रेघा पाहिल्या आणि मोबाइलवर टिपल्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलेलं सापडलं, आसपास गोळे सापडले. कुणी उल्का म्हणालं, कुणी उपग्रह. जाणकारांचे पहिले अंदाजही एकमेकांशी जुळत नव्हते. शेवटी चीनच्या लाँग मार्च ३बी अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याकडे बोट गेलं. कडं पोलिसांनी ताब्यात घेतलं, इस्रोचे लोक येऊन पाहून गेले. त्या रात्रीचे साक्षीदार जिथे दिशा, वेळ आणि रंग एवढंच सांगत होते, तिथे बरोबर ठरले.

आणि आता आमचं नगर. लष्करी गुपित इथे नवं नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये नेहरू, आझाद, पटेल यांना इथल्या किल्ल्यात आणून ठेवलं तेव्हा सरकारने ठिकाण जाहीर केलं नव्हतं. आज रणगाड्यांचं प्रशिक्षण केंद्र इथे आहे, यांत्रिकी पायदळाचं केंद्र आहे, वाहन संशोधन संस्था आहे. खारे कर्जुने गावावरून नाव पडलेल्या के. के. रेंजवर २०२० मध्ये अर्जुन रणगाड्यावरून लेझर-नियंत्रित क्षेपणास्त्राच्या चाचण्या झाल्या आणि संरक्षण खात्याने त्या जाहीरही केल्या. रात्रीच्या सरावात पॅराशूटला लटकणारे उजेडाचे गोळे सोडले जातात. ते एका जागी टांगल्यासारखे दिसतात, मग हळूहळू उतरत विझतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याचा जीव दडपतो. विळदच्या बाजूला राहणारा मात्र मान वर न करता सांगतो, फायरिंग चालू आहे.

या माणसांची साक्ष कुणाला नको आहे. रेंजसाठी राहुरी, नगर आणि पारनेर तालुक्यांतल्या २३ गावांच्या जमिनींचा प्रश्न २०२० मध्ये पेटला, तेव्हा गावकरी एकच सांगत होते: मुळा धरणाला जमीन दिली, कृषी विद्यापीठाला दिली, आता रेंजलाही द्यायची का? रेंजमध्ये पडलेल्या गोळ्यांचं भंगार वेचताना स्फोट होऊन माणसं मेल्याच्या बातम्या इथल्या वर्तमानपत्रांत येऊन गेल्या आहेत. आकाशातून पडलेली वस्तू, लष्कर आणि साक्षीदार, तिन्ही गोष्टी इथे खरोखर आहेत. पण परग्रह नाही, म्हणून कुणी चित्रफीत काढत नाही. लपवाछपवीची कल्पना आपण आकाशात इतकी उंच नेली की जमिनीवर तिचा जो खरा उपयोग होता तो करायचा राहून गेला.

२०२४ च्या ड्रोनच्या रात्रींचंही तसंच झालं. प्रत्येक गावात कुणी, किती वाजता, कोणत्या दिशेला, किती दिवे पाहिले, आवाज होता की नव्हता, हे त्याच रात्री पोलीस पाटलाकडे लिहून घेता आलं असतं. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार ड्रोनची नोंदणी असते, हवाई क्षेत्राचे लाल-पिवळे-हिरवे पट्टे आखलेले असतात. त्या रात्री कोणती अधिकृत उड्डाणं होती, हे सांगणं प्रशासनाला अशक्य नव्हतं. उरलेल्या दिव्यांविषयी ‘अजून कळलेलं नाही’ म्हणायलाही हरकत नव्हती. त्याऐवजी पाहणाऱ्यालाच अफवाखोर ठरवलं गेलं आणि चोरांची गोष्ट गस्तीवरच्या काठ्यांच्या हाती राहिली. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं होतं. तेव्हाही अनेकांनी काहीतरी पाहिलंच होतं: अनोळखी माणसं, बाजाराचा दिवस, एक लहान मुलगी. बाकी सगळं त्यांना आधीच सांगून ठेवलेलं होतं.

के. के. रेंजलगतच्या गावांकडे असं सांगून ठेवलेलं काही नाही. त्यांच्याकडे सातबारे आहेत, ग्रामसभांचे ठराव आहेत, तारखा आहेत. त्यांना उत्तर देणारं कार्यालय नगरमध्येच आहे.